हिरडी मागे सरकली की टाळूचा तुकडा का लावतात?

"तुमच्या टाळूतून थोडी ऊती काढून इथे हिरडीला लावावी लागेल." दातांच्या डॉक्टरांनी एवढं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोन प्रश्न एकदम उमटतात. टाळूचं काय होणार? आणि मला तर फारसं दुखतही नाही, मग एवढं कशासाठी? मग लोक घरी जाऊन इंटरनेटवर फोटो बघतात. रक्ताळलेली टाळू, पांढरट पडलेला ग्राफ्ट (म्हणजे हिरडीला लावलेला तुकडा), टाक्यांचे निळे-काळे धागे. पुढची तारीख घ्यायला पुन्हा कुणी येत नाही.

ही भीती मला समजते. पण त्या फोटोंत जे भयंकर वाटतं त्यातलं बरंचसं जखम भरून येण्याचाच भाग असतं, आणि जे खरोखर तपासायला हवं ते कुठल्याच फोटोत दिसत नाही. या शस्त्रक्रियेचं यश एका प्रश्नावर उभं आहे: लावलेल्या तुकड्याला रक्त कुठून मिळणार? हे नीट कळलं की कुणी करून घ्यावी, कुणाला करून उपयोग नाही, दोन आठवडे तिथे ब्रश का लावायचा नाही, तंबाखू का सोडायची, या सगळ्याचा उलगडा होतो.

हिरडी सरकल्यावर उघडं काय पडतं

दाताचा जो भाग आपल्याला दिसतो त्यावर इनॅमलचं कवच असतं. हे कवच दाताच्या मानेपाशी संपतं आणि तिथून मूळ सुरू होतं. निरोगी तोंडात हिरडीची कड इनॅमलवर किंचित चढून बसलेली असते, त्यामुळे मूळ झाकलेलं राहतं. ती कड वरच्या दातांत वर आणि खालच्या दातांत खाली सरकली की मूळ उघडं पडतं. आरशात दात लांब दिसू लागतो. मानेपाशी पिवळसर पट्टा दिसतो, आणि तिथे नख फिरवलं तर बारीक पायरी लागते.

मुळावर इनॅमल नसतं. तिथे सिमेंटम नावाचा जो थर असतो तो मानेजवळ केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो आणि घासून लवकर निघून जातो. त्याखालचं डेंटिन म्हणजे अतिसूक्ष्म नळ्यांचं जाळं. नळ्यांत द्रव असतो. थंड पाणी लागलं की तो द्रव हलतो, ती हालचाल आतल्या नसेला जाणवते आणि सणक जाते. ब्रेनस्ट्रॉम या स्वीडिश संशोधकाने 1960 च्या दशकात ही गोष्ट मांडली आणि आजही तेच स्पष्टीकरण मानलं जातं.

सणक येणं हा त्यातल्या त्यात सौम्य त्रास. मुळाला कीड लवकर लागते ही जास्त काळजीची बाब. तोंडातली आम्लता वाढून पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं. मूळ त्याच्या बरंच आधी, पीएच 6 च्या वर असतानाच विरघळायला लागतं. शिवाय मुळावरची कीड नसेपासून फार लांब नसते.

हे दुर्मीळ अजिबात नाही. अमेरिकेत 1988 ते 1994 या काळात झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात 30 वर्षांवरच्या सुमारे 58 टक्के लोकांमध्ये निदान एका दाताची हिरडी 1 मिलीमीटर किंवा जास्त सरकलेली आढळली होती. म्हणजे नुसती हिरडी सरकली एवढ्यावर शस्त्रक्रिया ठरत नाही, नाहीतर अर्ध्याअधिक माणसांना खुर्चीत बसवावं लागेल.

सरकते कशामुळे

बहुतेकांना एकच कारण माहीत असतं: जोरात ब्रश करणं. ते खरं आहे, पण अर्धं. दोन माणसं तशाच कडक ब्रशने, तशीच आडवी घासतात. एकाची हिरडी सरकते, दुसऱ्याची नाही. फरक हिरडीच्या आणि तिच्या मागच्या हाडाच्या जाडीत असतो. ओठाच्या बाजूला, विशेषतः सुळे आणि खालचे पुढचे दात यांच्यासमोर, हाडाची भिंत मुळातच पातळ असते. काहींना तिथे हाडच नसतं, मुळावर थेट हिरडी असते. अशा ठिकाणी हिरडीला आतून आधार मिळत नाही आणि रोजच्या घासण्यात ती झिजून मागे जाते.

दात ओळीच्या बाहेर आलेला असेल, तारा लावून दात हाडाच्या सीमेबाहेर सरकवला गेला असेल, ओठाची आतली दोरी हिरडीच्या कडेजवळ जोडलेली असून सतत ओढत असेल, ओठात टोचलेला दागिना हिरडीला घासत असेल, तंबाखूची गोळी रोज एकाच जागी धरली जात असेल, तरी हेच होतं.

याखेरीज एक अगदी वेगळं कारण आहे: हिरड्यांचा आजार. दातांवर कीटण साठतं, त्यातल्या जंतूंमुळे हिरडी सुजते, हळूहळू हाड झिजतं आणि हाडामागोमाग हिरडी खाली बसते. ब्रशने सरकलेली हिरडी गुलाबी, स्वच्छ, निरोगी दिसते, फक्त जागा सोडून बसलेली असते आणि दोन दातांमधलं हाड शाबूत असतं. आजाराने सरकलेल्या हिरडीत ते मधलं हाडही गेलेलं असतं. बाहेरून दोन्ही सारखंच वाटतं, पण उपचारांच्या दृष्टीने या दोघांत मोठं अंतर आहे.

आपोआप परत का येत नाही

हाताला खरचटलं तर कातडी भरून येते, मग हिरडी का येत नाही? कारण खरचटलेल्या कातडीखाली जिवंत, रक्त वाहणारी ऊती असते. हिरडीच्या पुढे असतं ते दाताचं मूळ, आणि मुळाच्या पृष्ठभागावर रक्तवाहिन्या नसतात.

जमिनीतून वर आलेला एक दगड डोळ्यांसमोर आणा. त्याच्या कडेने गवत वाढतं, पण दगडावर चढत नाही, कारण तिथे त्याला ओल मिळत नाही. आता दुसरीकडून मातीसकट गवताचा एक पट्टा उचलून आणला आणि त्या दगडावर आडवा टाकला, तर तो जगेल का? पट्टा फक्त दगडावरच बसला तर दोन दिवसांत वाळेल. पण त्याची दोन्ही टोकं दगडाच्या बाजूच्या ओल्या मातीत नीट टेकली असतील, तर टोकांकडून शोषलेली ओल मधल्या भागापर्यंत पोहोचेल आणि तो तग धरेल. दगड जितका रुंद, तितकं हे अवघड. आणि बाजूची माती वाहून गेलेली असेल तर मग पट्टा टेकणार कशावर?

हिरडीच्या ग्राफ्टचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं. दगड म्हणजे उघडं मूळ. बाजूची माती म्हणजे दोन दातांमधली हिरडी आणि तिच्याखालचं हाड.

हिरड्यांना मालिश करून, तेलाच्या गुळण्या करून किंवा एखादी जेल चोळून सरकलेली हिरडी परत येत नाही ती याचमुळे. सूज असेल तर ती उतरेल, तोंड स्वच्छ राहील, पण दगडावर गवत चढणार नाही.

दोन दातांमधली जागा निकाल ठरवते

तपासताना डॉक्टर बारीक खुणांची सळई घेऊन दाताभोवती मापं घेतात. हिरडी किती सरकली हे ओठाच्या बाजूने दिसतंच. खरं लक्ष असतं ते दोन दातांमधल्या मापाकडे. तिथलं हाड आणि हिरडीची पकड टिकून आहे की गेली आहे?

1985 साली मिलर यांनी सरकलेल्या हिरडीचे चार वर्ग पाडले. 2011 मध्ये इटलीच्या कैरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सोपं करून तीनच प्रकार ठेवले आणि आता जगभर तेच वापरले जातात. पहिल्या प्रकारात दातांमधली पकड पूर्ण शाबूत असते. इथे मूळ पूर्ण झाकलं जाण्याची चांगली शक्यता असते. दुसऱ्यात मधली पकड थोडी गेलेली असते, पण ओठाच्या बाजूइतकी किंवा त्याहून कमी. इथे बऱ्याचदा अर्धवटच झाकलं जातं. तिसऱ्यात मधलं नुकसान ओठाच्या बाजूपेक्षाही जास्त असतं आणि तिथे मूळ पूर्ण झाकण्याचं आश्वासन कुणी देऊ नये.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर पहिला प्रश्न हाच विचारा: माझ्या दातांमधलं हाड टिकून आहे का, आणि माझा प्रकार कोणता? किती टाके पडतील, किती वेळ लागेल हे नंतर. मला वाटतं, निराश होऊन परत आलेल्या अनेकांच्या बाबतीत डॉक्टरांचा हात कमी पडलेला नसतो. आधी किती अपेक्षा ठेवायची तेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

टाळूच का?

तोंडातली कातडी दोन प्रकारची असते. गाल आणि ओठाच्या आतलं अस्तर मऊ, लाल, हलणारं असतं. हिरडी आणि टाळू घट्ट, फिकट गुलाबी, हाडाला चिकटलेल्या असतात. खाणं आणि घासणं सोसायला ही दुसरी जात लागते. गालाची कातडी मुळावर आणून बसवली तर ती गालाच्याच कातडीसारखी वागणार, बोलताना-खाताना ओढली जाणार.

पण इथे एक विलक्षण गोष्ट आहे. 1970 च्या दशकात कारिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर प्रयोग केले. कातडीचा वरचा थर सोडून फक्त त्याखालची संयोजी ऊती, म्हणजे कातडीला आतून बांधून ठेवणारं तंतूंचं जाळं, त्यांनी एका जागेहून दुसरीकडे लावलं. वर जी नवी कातडी उगवली ती, ऊती जिथून आणली होती त्या जागेच्या जातीची होती. थोडक्यात, वर कुठली कातडी यायची हा हुकूम खालची ऊती देते. त्यामुळे टाळूची संपूर्ण सालटी काढण्याची दर वेळी गरज नसते. आतली ऊती घेतली तरी काम होतं.

यातून दोन पद्धती आल्या. जुनी पद्धत 1960 च्या दशकातली. टाळूवरून वरच्या कातडीसह पातळ तुकडा काढायचा आणि हिरडीच्या जागी शिवायचा. घट्ट हिरडी वाढवायला ती आजही उत्तम, विशेषतः खालच्या पुढच्या दातांसमोर. पण टाळूवर उघडी जखम राहते, ती भरायला दोन ते चार आठवडे जातात. आणि लावलेला तुकडा टाळूचा फिकट रंग सोडत नाही, हसताना दिसणाऱ्या जागी तो वेगळा उठून दिसतो.

दुसरी पद्धत 1985 साली बर्टन आणि लॉरीन लँगर यांनी मांडली. टाळूवर छेद घेऊन कातडी दारासारखी उघडायची, आतली संयोजी ऊती काढायची आणि कातडी पुन्हा मिटून टाके घालायचे. टाळूची जखम बंद असल्यामुळे त्रास बराच कमी. काढलेली ऊती मुळावर ठेवतात आणि तिथलीच हिरडी सैल करून तिच्यावर ओढून घेतात. म्हणजे ग्राफ्टला बाजूंनी रक्त मिळतंच, वरून झाकलेल्या हिरडीतूनही मिळतं. मूळ झाकण्यासाठी हीच पद्धत सगळ्यात भरवशाची मानली जाते ती या दुहेरी पुरवठ्यामुळे. रंगही जुळतो, कारण वर दिसते ती तिथलीच हिरडी.

प्रत्यक्षात काय करतात

जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देतात, पूर्ण भूल लागत नाही. आधी उघडं मूळ बारीक हत्यारांनी खरवडून स्वच्छ आणि गुळगुळीत करतात. मग हिरडी सैल करताना तिची पूर्ण जाडी न उचलता वरचा अर्धा थर उचलतात आणि हाडावरचं पातळ आवरण जागच्या जागी ठेवतात. त्या आवरणात रक्तवाहिन्या असतात, ग्राफ्ट त्यावरच टेकणार असतो. ओली माती खरवडून टाकायची नाही, एवढंच.

टाळूतून ऊती घेतात ती सुळ्याच्या मागून पहिल्या मोठ्या दाढेपर्यंतच्या पट्ट्यातून. त्या पट्ट्याच्या आतल्या अंगाला टाळूची मोठी रक्तवाहिनी जाते, म्हणून छेद तिच्यापासून दूर ठेवतात. तुकडा साधारण 1 ते 1.5 मिलीमीटर जाड असतो. हातात धरला तर ओलसर, पांढरट, रबरी लागतो. तो फार जाड झाला तर रक्त आतपर्यंत पोहोचत नाही. फार पातळ झाला तर आकसतो.

मग केसाएवढ्या बारीक धाग्याने तो शिवतात. तो जराही हलता कामा नये. टाके झाल्यावर ओल्या कापसाने काही मिनिटं दाबून धरतात, आणि रुग्णाला वाटतं की हे रक्त थांबवायला चाललंय. रक्त थांबतंच, पण खरा हेतू ग्राफ्टखाली रक्ताची गुठळी साठू न देणं हा असतो. जाड गुठळी राहिली तर ग्राफ्ट आणि त्याचा आधार यांच्यात आडकाठी येते.

पहिले चौदा दिवस

पहिले दोन-तीन दिवस ग्राफ्टला स्वतःचं रक्ताभिसरण नसतं. आजूबाजूच्या ऊतीतून झिरपणाऱ्या द्रवावर तो जगतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरू लागतात, आणि दहा-बारा दिवसांत रक्तपुरवठा बऱ्यापैकी बसतो. या काळात ओठ ओढून आरशात बघितलं, ब्रश लागला, त्या बाजूने चावलं, तर नुकत्याच शिरत असलेल्या वाहिन्या तुटतात. ओठ ओढून बघण्याचा मोह तर फारच होतो. मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो: बघू नका, डॉक्टरांनाच बघू द्या.

म्हणूनच साधारण दोन आठवडे त्या जागी ब्रश बंद असतो आणि त्याऐवजी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या गुळण्या देतात. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चवही काही काळ बदलते. डाग नंतर सफाईत निघतात. बाकीच्या दातांना मात्र नेहमीसारखा ब्रश करायचा असतो. टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. टाळूतून रक्त येऊ लागलं तर स्वच्छ ओली जाळीपट्टी पंधरा-वीस मिनिटं न उचलता दाबून धरायची. मिनिटामिनिटाला उचलून बघितलं तर ते थांबत नाही. तरीही थांबलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा. उघडी जखम ठेवणाऱ्या पद्धतीत टाळूवर बसणारी प्लास्टिकची पातळ प्लेट करून घेतली तर जेवताना फार बरं पडतं. ती आधीच मागून घ्या.

आता तो पांढरा पडलेला ग्राफ्ट. कातडीसकट लावलेल्या तुकड्याचा वरचा थर पहिल्या आठवड्यात मरतो आणि राखाडी-पांढरट साल होऊन निघतो. त्याखाली लालभडक ऊती दिसते आणि पुढच्या आठवड्यांत ती गुलाबी होते. ग्राफ्ट कुजला असं समजून तो पुसायला किंवा खरवडायला जाणं ही या दिवसांतली सगळ्यात महागात पडणारी कृती. ताप येणं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जाणं, पू येणं, तुकडा सुटून हलणं ही मात्र लगेच दाखवण्यासारखी लक्षणं आहेत.

सिगारेटची बंदी याच हिशेबात येते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे ज्या ओलीवर ग्राफ्ट जगणार तीच आटते. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये मूळ कमी झाकलं जातं हे अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने त्या बंद करू नका.

"मला त्रासच नाही, मग का करू?"

कदाचित नकोच. हिरडी थोडी सरकलेली आहे, वर्षानुवर्षं तिथेच आहे, सूज नाही, सणक नाही, घट्ट हिरडी पुरेशी आहे, दिसण्याचं दुःख नाही, तर माप लिहून ठेवायचं, फोटो काढून ठेवायचा आणि दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने ताडून बघायचं. मऊ ब्रश आणि घासण्याची पद्धत बदलली की पुष्कळ जणांचं काम तिथेच भागतं. सणकीसाठी पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट आधी काही आठवडे वापरून बघण्यासारखी असते.

शस्त्रक्रियेचा विचार करायचा तो मापं वाढत चालली असतील तर, सणक पेस्टला दाद देत नसेल तर, मुळाला कीड लागू लागली असेल तर, किंवा घट्ट हिरडी जवळजवळ संपून कडेला फक्त हलणारं अस्तर उरलं असेल तर. तारा लावून दात पुढे आणायचे असतील आणि हिरडी मुळातच पातळ असेल, तर ती आधी जाड करून घेण्याचाही सल्ला मिळू शकतो. आणि हसताना लाज वाटते हेही पुरेसं कारण आहे. त्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही.

"वयाने हिरड्या सरकतातच" असं म्हणून सोडून देणारे मात्र चुकतात. वयानुसार प्रमाण वाढतं ते बहुतेक वर्षानुवर्षांच्या घासण्याचं आणि आजाराचं साठत गेलेलं फळ असतं. इटलीतल्या डॉक्टरांनी एकाच तोंडातल्या दोन बाजू, एक ग्राफ्ट लावलेली आणि एक तशीच सोडलेली, 18 ते 35 वर्षं पाहिल्या. ग्राफ्टच्या बाजूला हिरडीची कड टिकून राहण्याकडे, कधी किंचित पुढे येण्याकडे कल होता. सोडून दिलेल्या बाजूला मागे सरकण्याकडे.

"मग फिलिंग का नाही करायचं?"

मुळाला खाच पडली असेल किंवा कीड असेल तर फिलिंग लागतंच. पण फिलिंगने मूळ झाकलं जातं, हिरडी परत येत नाही. ती पातळच राहते, पुढे आणखी सरकू शकते आणि फिलिंगच्या खाली नवा पट्टा उघडा पडतो. काही वेळा दोन्ही करावं लागतं: खाचेचा वरचा भाग फिलिंगने आणि खालचा हिरडीने.

"टाळूला हात न लावता होणार नाही का?"

काही वेळा होतं. दाताशेजारी भरपूर हिरडी असेल तर तीच बाजूला सरकवून मुळावर आणता येते. ग्रुप आणि वॉरन यांनी हे 1956 मध्येच दाखवलं होतं. हिरडी मुळात जाड असेल तर नुसती ओढून घेऊनही भागतं. त्याशिवाय तयार पर्याय आहेत: दान केलेल्या मानवी त्वचेतून पेशी काढून टाकून केलेली चादर, किंवा डुक्कर अथवा गाय-बैल यांच्या ऊतीपासून केलेली कोलॅजन या प्रथिनाची चादर. वाढत्या डुकराच्या दातांतल्या प्रथिनांपासून केलेलं एक जेलही मुळाला लावतात. यातलं कुठलं तुमच्या तोंडात जाणार हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. श्रद्धेमुळे किंवा तत्त्वामुळे ते नको असेल तर शस्त्रक्रियेआधी स्पष्ट सांगा.

या चादरींनी टाळूची जखम वाचते आणि अनेक दातांना एकाच वेळी पुरतात. पण मूळ पूर्ण झाकण्यात आणि हिरडी जाड करण्यात स्वतःच्या टाळूची ऊती अजूनही सरस ठरते.

पिनहोल तंत्राबद्दलही खूप विचारणा होते. 2012 मध्ये चाओ यांनी ते प्रसिद्ध केलं. अस्तरात सुईने बारीक भोक पाडायचं, तिथून हिरडी आतून सैल करायची आणि पुढे सरकवून खाली कोलॅजनच्या पट्ट्या भरायच्या. सुरुवातीचा त्रास खरोखर कमी असतो. पण हिरडी आणि हाड दोन्ही चांगले असतील तिथेच ते शोभतं. दातांमधलं हाड गेलं असेल तर भोक लहान आहे म्हणून काही निकाल बदलत नाही.

"परत सरकली तर?"

योग्य रुग्णात, म्हणजे पहिल्या प्रकारात, संयोजी ऊतीच्या ग्राफ्टनंतर बहुतेक अभ्यासांत उघड्या मुळाचा सरासरी चार-पंचमांशाहून जास्त भाग झाकला गेलेला दिसतो. शेवटचा मिलीमीटर सगळ्यांचा झाकला जात नाही. अंतिम निकाल सहा महिने ते वर्षभराने बघावा, कारण तोवर ऊती आकसत आणि स्थिर होत असते. कातडीसकट लावलेल्या ग्राफ्टमध्ये तर कड पुढच्या काही महिन्यांत आपणहून थोडी पुढे सरकलेलीही दिसते.

पण ज्या हाताने हिरडी झिजवली तोच हात तसाच चालू राहिला तर नवी हिरडीही झिजेल. म्हणून ब्रश कसा धरता, किती दाबता, केस किती कडक आहेत हे शस्त्रक्रियेच्या आधी बदलायचं असतं. आणि कारण हिरड्यांचा आजार असेल तर आधी सफाई, आजार ताब्यात आल्याची खात्री आणि मगच ग्राफ्ट. आजार चालू असताना ग्राफ्ट लावायला निघालेल्या डॉक्टरांना थांबवून कारण विचारा.

बऱ्याच दातांची हिरडी सरकली असेल तर सगळं एका बैठकीत होईलच असं नाही. टाळूत ऊती मर्यादित असते. एका बाजूचं आधी आणि दुसऱ्या बाजूचं नंतर असं करतात. त्याच जागेतून पुन्हा ऊती घ्यायची झाली तर ती भरून येण्यासाठी साधारण दोन-तीन महिने थांबावं लागतं.